भिंतीला हात लावण्याआधी कागद शोधा: इंग्लंडमधलं भाड्याचं घर आणि ईपीसी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. लेस्टरमध्ये तुमचं १९०० च्या आधीचं, ओळीतलं शेवटचं घर आहे. तुम्ही पुण्याला परतलात आणि २०१७ पासून घर एकाच भाडेकरूकडे होतं. तो आता गेला. घराचं ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजे ईपीसी, २०१५ चं आहे. त्यावर ‘एफ’ श्रेणी आहे (ए सगळ्यात चांगली, जी सगळ्यात वाईट), गुण ३४, आणि दहा वर्षांची मुदतही संपली. एजंट म्हणतो की बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, करा, ११,००० पौंड लागतील, नाहीतर नवीन भाडेकरू ठेवता येणार नाही. तुम्ही विचारताय: हे खरं आहे का, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा घर विकून टाकू का?

मी मूळचा सांगलीचा, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, आणि गेली बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलँड्स भागात घरांची ईपीसी तपासणी करतो. दिवसाला तीन-चार घरं, तितकेच माळे, आणि पँटीच्या गुडघ्यांना कायम काचलोकरीचे कण. त्यामुळे तुमच्या घरासारखी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. तुमचं मात्र पाहिलेलं नाही, तेव्हा खाली जे सांगतो त्यातलं काही तिथे गेल्यावरच ठरेल. कोणतं, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

एजंटचं अर्धं बरोबर आहे. एफ असलेलं घर नव्याने भाड्याने देता येत नाही, हे खरं. पण त्यावर उपाय भिंतीच आहेत, हे त्याने कशावरून ठरवलं? ‘ई’ श्रेणी ३९ गुणांपासून सुरू होते. तुम्हाला पाच गुण कमी पडतायत. आणि मुख्य म्हणजे ते ३४ गुण २०१५ च्या घराचे आहेत. तुमच्याच प्रश्नात ओघात दोन वाक्यं आली आहेत: ‘२०१९ मध्ये जुना बॉयलर काढून नवीन कॉम्बी (टाकीशिवाय, लागेल तेव्हा पाणी तापवणारा बॉयलर) बसवला’ आणि ‘माळ्यावरची खोली आधीच्या मालकाने १९९८ च्या सुमारास बांधली होती’. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक या दोन वाक्यांतच आहे.

नियम काय आहे ते पटकन सांगतो, कारण एजंट लोक तो अर्धवट सांगतात. भाड्याच्या घरांना इथे ऑक्टोबर २००८ पासून ईपीसी लागतं. किमान श्रेणीची अट इंग्लंड आणि वेल्ससाठी २०१५ च्या नियमावलीतून आली. १ एप्रिल २०१८ पासून नवीन भाडेकराराला किमान ई, आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही तेच. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, त्यात शिरत नाही. घराची जाहिरात सुरू करण्याआधी ईपीसी मागवलेलं असावं लागतं आणि जाहिरातीत श्रेणी छापावी लागते. पूर्वी भाडेकरूला ईपीसीची प्रत दिली नसेल तर कलम २१ खालची घर खाली करण्याची नोटीस टिकत नसे. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये कलम २१ चा रस्ताच बंद, त्यामुळे जुन्या लेखांमधली ती भीती आता बाजूला ठेवा.

आता ईपीसी मोजतं काय, ते समजून घ्या. इथेच लोकांचे पैसे वाया जातात.

आपल्याकडे फ्रिजवर किंवा एसीवर बीईईच्या तारा असतात. ते यंत्र प्रयोगशाळेत चालवून, वीज मोजून दिलेले असतात. ईपीसीचं तसं नाही. मी तुमच्या घरात कुठलंही मोजयंत्र लावत नाही. मी भिंतीची जाडी, खोल्यांची मापं, खिडक्या, माळ्यावरचा थर, बॉयलर आणि त्याची नियंत्रणं बघतो आणि सॉफ्टवेअरमध्ये भरतो. सॉफ्टवेअर असं धरून चालतं की घरात ठरावीक माणसं राहतात आणि बैठकीची खोली २१ अंशांपर्यंत तापवतात. तुम्ही लिहिलंय की भाडेकरूचं गॅसचं बिल कमी यायचं, मग श्रेणी एवढी वाईट कशी. तो भाडेकरू स्वेटर घालून बसत असेल, किंवा दिवसभर कामावर असेल. त्याच्या बिलाचा गुणांशी काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट अनेक घरमालकांना ठाऊकच नसते. वरचं अक्षर हे कार्बनचं माप नाही, ते इंधनाच्या खर्चाचं माप आहे. घर तापवायला, पाणी तापवायला आणि दिव्यांना दर चौरस मीटरमागे किती पैसे लागतील, त्यावर गुण निघतात. इथे विजेचं एक युनिट गॅसच्या साधारण चौपट पडतं. म्हणून साध्या विजेच्या हिटरवर चालणारा नवाकोरा फ्लॅटसुद्धा गॅसवाल्या जुन्या घराच्या मागे पडू शकतो. माझ्याकडच्या एका गृहस्थांनी फ्लॅटमधले जुने, रात्रीच्या स्वस्त विजेवर तापून दिवसा उष्णता सोडणारे स्टोरेज हिटर काढले. दिसायला ओबडधोबड होते म्हणे. त्याजागी भिंतीवरचे चकचकीत पॅनेल हिटर लावले आणि वर दोन दरांचं मीटर बदलून एका दराचं करून घेतलं. हौसेने पैसे खर्च केले आणि श्रेणी डी वरून एफवर गेली. त्यांना मी काय सांगणार? नियमाप्रमाणे जे दिसलं ते लिहिलं.

तिसरी आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: जे दिसत नाही आणि ज्याचा कागद नाही, ते मी धरू शकत नाही. भिंतीच्या किंवा तिरक्या छताच्या आत काय आहे हे दिसत नसेल, तर घर बांधलं त्या काळात जशी पद्धत होती तसंच असेल असं सॉफ्टवेअर मानतं. १९०० च्या आधीचं घर म्हणजे त्याच्या लेखी छतात काही नाही, भिंतीत काही नाही. ‘आम्ही घातलंय हो आत’ असं तोंडी सांगून चालत नाही. मला घरमालकाचं पटतं, पण माझ्या फाइलची पुढे तपासणी होते आणि तिथे पुरावा मागतात.

हे ध्यानात ठेवून तुमच्या घराकडे बघू.

आधी बॉयलर. २०१५ च्या प्रमाणपत्रात तापवण्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. प्रत हाताशी नसेल तर सरकारी नोंदवहीत पिनकोड टाकला की मिळते. ती कुणालाही फुकट बघता येते, मुदत संपलेलीही. तुमच्या वर्णनावरून जुना बॉयलर बैठकीतल्या गॅसच्या शेगडीमागे लपलेला होता, त्याला इथे बॅक बॉयलर म्हणतात, आणि वरच्या कपाटात तांब्याची गरम पाण्याची टाकी होती. ती जोडगोळी गुणांच्या दृष्टीने फार वाईट. गॅसचा मोठा हिस्सा धुराड्यातून जायचा आणि टाकीतलं पाणी दिवसभर उगाच निवत बसायचं. त्याजागी कॉम्बी आला, टाकी गेली. एवढ्या एका बदलाने पाचपेक्षा बरेच जास्त गुण वाढलेले मी वारंवार पाहिले आहेत. तुमच्याकडे नेमके किती वाढतील हे घराच्या आकारावर आहे, पण २०१५ नंतर कुणी फेरतपासणीच केली नसेल तर ते गुण तुम्हाला मिळालेलेच नाहीत. बॉयलरसाठी कागदाची तशी गरज पडत नाही. त्याच्यावरचं मॉडेलचं नाव वाचून मी यादीतून त्याची कार्यक्षमता काढतो. फक्त ते लेबल दिसलं पाहिजे. बॉयलरभोवती स्वयंपाकघराचं कपाट बांधून लेबल झाकून टाकणारे सुतार आम्हाला रोज भेटतात. पुस्तिका असेल तर ती ओट्यावर ठेवायला सांगा.

मग माळ्यावरची खोली. इथे जरा थांबतो, कारण माझ्या अंदाजाने २०१५ मध्ये तुमचे गुण इथेच गेले. वर जायला कायमचा जिना असेल तर त्या जागेला आम्ही ‘छतातली खोली’ म्हणून वेगळी नोंदवतो. ओढून काढायची शिडी असेल तर ती खोली धरत नाहीत, नुसता माळा धरतात. छतातल्या खोलीचं वय घराच्या वयापेक्षा वेगळं लिहिता येतं. घर १८९० चं आणि खोली १९९८ ची असेल, तर सॉफ्टवेअर १९९८ च्या बांधकाम नियमांप्रमाणे त्या छतात काही थर असणार असं धरतं. पण तपासनिसाला ती खोली १९९८ ची आहे हे कुठून कळणार? पुराव्याशिवाय त्याने घराचंच वय लावलं असेल, म्हणजे तिरकं छत कोरडं, बाजूच्या बुटक्या भिंती कोऱ्या, वर काही नाही. डोक्यावर टोपी न घालता जानेवारीत उभं राहिल्यासारखं.

आता कागद. १९९८ मध्ये रीतसर काम झालं असेल तर लेस्टरच्या नगरपालिकेच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाने काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला असेल. घर विकत घेताना तुमच्या सॉलिसिटरने तो मागितला असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा ईमेलमध्ये खरेदीच्या वेळची फाइल उघडा, नसेल तर सॉलिसिटरला विचारा, तिथेही नसेल तर नगरपालिकेकडे थोडी फी भरून प्रत मागता येते. हे सगळं पुण्यात बसून होतं. मी एकदा एका नागपूरकर बाईंना हेच सांगितलं होतं. त्यांना दाखला सापडला तो जुन्या घराच्या किल्ल्यांच्या पाकिटात घडी घालून ठेवलेला. त्या दाखल्याच्या एका पानामुळे घर एफ मधून थेट डी च्या उंबरठ्यावर गेलं. एक वीटही हलली नाही.

दाखला नसेल आणि काम कुणी परवानगीशिवाय केलेलं असेल, तर दुसरा मार्ग आहे. बुटक्या भिंतीत आत शिरायला लहान दार असतं, तिथून थर दिसला तर मी त्याची जाडी मोजून लिहू शकतो. म्हणून ते दार रंगाने चिकटलेलं असेल तर आधी उघडून ठेवायला सांगा. मी पटाशी घेऊन दुसऱ्याची दारं उघडत नाही.

खिडक्यांचंही तसंच. दुहेरी काचेच्या खिडक्या २००२ नंतर बसवल्या असतील तर फेन्सा या संस्थेचं प्रमाणपत्र बहुधा असतं आणि हरवलं तर प्रत मिळते. बाकी मागे स्वयंपाकघराचं वाढीव बांधकाम असेल तर त्याचंही वय वेगळं नोंदवतात. त्याचा काही कागद असला तर तोही जोडा.

एवढं गोळा झालं की भिंतीवर एक पौंडही खर्च न करता नवीन ईपीसी काढा. तपासनिसाची फी साधारण ६० ते १२० पौंडांच्या आसपास असते. ११,००० च्या कोटेशनसमोर ही रक्कम काहीच नाही. तपासनिसाला आधीच सांगा की नोंदवहीत चढवण्यापूर्वी गुण किती येतायत ते मला कळवा. हे मागण्यात गैर काही नाही. ३७ आले तर दोन लहान कामं करून मग नोंदवणं शहाणपणाचं, कारण एकदा चढलेला एफ सगळ्यांना दिसतो, नगरपालिकेलाही. जून २०२५ पासून गणनेची नवी आवृत्ती लागू झाली आहे. तिच्यात प्रत्येक खिडकी वेगळी मोजावी लागते, त्यामुळे तपासणीला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. वीस मिनिटांत आटपणारा तपासनीस दिसला तर त्याने काहीतरी गाळलं असं समजा.

गुण तरीही कमी पडले तर काय करायचं, त्याचा माझा क्रम ठरलेला आहे. सगळे बल्ब एलईडी करा. एक-दोन गुण मिळतात, आणि घर रिकामं असताना अर्ध्या तासाचं काम. वापरात नसलेली उघडी शेगडी आणि तिचं धुराडं नीट बंद करा, पण आत हवा खेळायला जाळी ठेवून, नाहीतर धुराड्यात ओल धरते. प्रत्येक रेडिएटरला तापमान कमीजास्त करणारा नळ आणि घरात थर्मोस्टॅट नसेल तर ते बसवा. कॉम्बी बसवणाऱ्याने २०१९ मध्ये बहुधा बसवलेच असतील, पण मी असेही बॉयलर पाहिलेत जे नुसत्या चालू-बंद बटणावर चालतात. छतातल्या खोलीच्या वरचा जो लहानसा सपाट भाग असतो तिथे हात पोचत असेल तर २७० मिलिमीटरपर्यंत काचलोकर घाला: एक थर तुळयांच्या मधून, दुसरा आडवा. हे सगळं मिळून काही शे पौंडांचं काम आहे. इन्सुलेशन रीतसर कंत्राटदाराकडून सामानासकट बसवून घेतलं तर ३१ मार्च २०२७ पर्यंत त्यावर व्हॅट शून्य आहे, कोटेशनमध्ये २० टक्के लावलेला दिसला तर विचारा.

छतातल्या खोलीचं तिरकं छत आतून करायचं म्हटलं तर खर्च वाढतो. प्लॅस्टर काढा, फळ्या लावा, पुन्हा प्लॅस्टर, रंग. पण भाडेकरू नसताना हेच काम करावं. माणूस राहत असताना त्याच्या झोपण्याच्या खोलीचं छत उघडायचं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

आता भिंती, ज्यापासून तुमचा प्रश्न सुरू झाला. तुमच्या घराची भिंत नऊ इंची भरीव विटेची असणार. बाहेरून बघा: विटांच्या ओळीत एक लांब बाजू, एक आखूड बाजू अशी रचना दिसली तर भिंत भरीव, मधे पोकळी नाही. पोकळी असती तर ती भरणं स्वस्त असतं. भरीव भिंतीला थर द्यायचा तर बाहेरून किंवा आतून, आणि दोन्ही महाग. बाहेरून केलं की व्हिक्टोरियन विटांचा चेहरामोहरा जातो, खिडक्यांचे ओटे, पन्हाळी, नळ सगळं पुढे सरकवावं लागतं, आणि ओळीतल्या घराला शेजाऱ्याच्या भिंतीशी नीट जुळवणं अवघड. आतून केलं तर खोल्या लहान होतात, आणि जुन्या तुळयांची भिंतीत गेलेली टोकं थंड व दमट राहून कुजण्याची भीती असते. ही भिंत चुन्याची आहे, ती श्वास घेते. तिला चुकीच्या मालाने गुंडाळली तर ओल आत अडकते. मी तपासलेल्या घरांपैकी ज्यात बुरशी सगळ्यात जास्त होती, त्यातली काही ‘सुधारलेली’ घरं होती: थर घातला, भेगा बुजवल्या आणि न्हाणीघरातला पंखा मात्र तसाच बंद. इंग्लंडमधल्या भाड्याच्या घरात कपडे आत वाळतात आणि स्वयंपाकही होतो, वाफ जाणार कुठे? काहीही करा, पण न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातले वाफ ओढणारे पंखे चालतात का ते याच फेरीत बघून घ्या.

भिंती कधीच करू नयेत असं माझं म्हणणं नाही. शेवटचं घर असल्याने तुमच्या तीन बाजू उघड्या आहेत, उष्णता तिथून भरपूर जाते हे खरंच. पण पाच गुणांसाठी ११,००० पौंड म्हणजे पायात काटा रुतला म्हणून पाय कापण्यासारखं आहे. एजंटने वाईट हेतूने सांगितलं असंही मी म्हणत नाही. जुन्या ईपीसीच्या शेवटच्या पानावर शिफारशींची यादी असते, त्यात भिंती असणार, त्याने ती ओळ वाचून कोटेशन मागवलं असेल. ती यादी सॉफ्टवेअर आपोआप छापतं.

समजा एवढं करूनही घर ३९ वर पोचलं नाही. तरीही कायदा तुम्हाला अमर्याद खर्च करायला लावत नाही. सध्याच्या नियमात घरमालकाची मर्यादा व्हॅटसह ३,५०० पौंड आहे, आणि १ ऑक्टोबर २०१७ नंतर याच कारणासाठी केलेला खर्च त्यात धरता येतो. तुमचा २०१९ चा बॉयलर ऊर्जेसाठीची सुधारणा म्हणून त्यात बसू शकतो, तेव्हा ती पावती शोधा. मर्यादेत बसणारी कामं करा, त्यानंतरही एफच राहिला तर सरकारी सूट-नोंदवहीत घर नोंदवा, सूट पाच वर्षं टिकते. सगळ्यात स्वस्त शिफारसच मर्यादेबाहेर जात असेल तर तीन कोटेशनं जोडून वेगळी सूट मिळते. भिंतीच्या थराने बांधकामाला धोका आहे असं पात्र तज्ज्ञाने लेखी दिलं तर त्याचीही सूट आहे. सूट आपोआप मिळत नाही, नोंदवावी लागते, आणि घर विकलं तर ती नव्या मालकाकडे जात नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण न सांगणं बरोबर होणार नाही. २०१७ चा तोच भाडेकरू एप्रिल २०२० नंतरही राहत होता आणि नोंदवहीत एफ होता. सूट नोंदवलेली नसेल तर तो काळ नियमभंगाचा आहे, घरात प्रत्यक्षात नवा बॉयलर असला तरी. तीन महिन्यांहून जास्त भंगासाठी नगरपालिका ४,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते, शिवाय नाव जाहीर करू शकते, आणि भंग संपल्यावर १८ महिन्यांपर्यंत नोटीस काढता येते. प्रत्यक्षात काय होईल हे त्या त्या नगरपालिकेवर आहे. काही पत्रं पाठवतात, काही फिरकतही नाहीत. तुमच्या हातात एवढंच आहे की पुढचा भाडेकरू येण्याआधी सगळं नीट करून ठेवा आणि बॉयलरची पावती तारखेसह जपा. एजंटशी तुमच्या करारात ही जबाबदारी कुणाची होती तेही वाचा. बऱ्याच करारांत ती ‘मालकाची’ असते आणि आपण सही करताना तेवढंच पान उलटून टाकतो.

‘२०३० पर्यंत सी लागणार असं ऐकलं’ हा तुमचा उपप्रश्न. सी म्हणजे ६९ गुण. आधी एका सरकारने हे जवळ आणायचं ठरवलं होतं, सप्टेंबर २०२३ मध्ये ते रद्द झालं. मग डिसेंबर २०२४ च्या मसुद्यात पुन्हा सी आलं: २०३० पर्यंत सगळ्या भाड्याच्या घरांना, आणि खर्चाची मर्यादा १५,००० पौंड मांडलेली. पुढे मर्यादा कमी करण्याची भाषाही आली. शिवाय श्रेणी काढण्याची पद्धतच बदलायची आहे: एका अक्षराऐवजी घराचं कवच, तापवण्याची यंत्रणा, वीज जुळवून वापरण्याची सोय आणि खर्च असे वेगवेगळे निकष. म्हणून माझा सल्ला असा की आजच्या मोजपट्टीवर सी गाठण्यासाठी आज मोठा खर्च करू नका. पण छताचं काम केलं तर ते कुठल्याही मोजपट्टीवर वाया जात नाही, कारण ऊब वर जाते हे कुठलं सरकार बदलणार नाही. माळा उघडलाच असेल तर अर्धवट जाडीचा थर घालून बंद करू नका, एकदाच पुरता घाला.

आणि घर विकायचं का? विकायलाही ईपीसी लागतं, तेव्हा तपासणी टळत नाही. विकायचं ते परदेशात बसून घर सांभाळण्याचा कंटाळा आला, पौंडात भाडं आणि रुपयात खर्च हे गणित आता जमत नाही, किंवा एजंटवर विश्वास राहिला नाही म्हणून विका. ती कारणं खरी असतात आणि त्यात मी काय सांगणार. ३४ आकड्याला घाबरून मात्र विकू नका. तो आकडा तुमच्या आजच्या घराचा नाहीच.

तपासनीस शोधताना एजंटच्या नेहमीच्या माणसालाच घ्यायला हवं असं नाही. त्याच सरकारी संकेतस्थळावर पिनकोड टाकून अधिकृत तपासनिसांची यादी मिळते. फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘छतातल्या खोलीचं वय वेगळं नोंदवाल का, आणि त्यासाठी कोणता कागद चालेल?’ जो लगेच दाखल्याचं नाव घेईल त्याला बोलवा. ‘बघू आल्यावर’ म्हणणाऱ्याला सोडा.

तपासणीच्या दिवसासाठी एजंटला लिहून पाठवा: वीज चालू ठेवा, बॉयलरची पुस्तिका बाहेर काढा, बुटक्या भिंतीतलं दार आणि माळ्याचं झाकण मोकळं करा, मीटरच्या कपाटाची किल्ली द्या. मागच्या महिन्यात मी एका रिकाम्या घरात मोबाइलच्या उजेडात दीड तास काढला, आणि शेवटी माळ्याच्या झाकणावर कुणीतरी कुलूप घातलेलं निघालं. त्या घराच्या माळ्यावर काय होतं ते मला आजही माहीत नाही, प्रमाणपत्रावर मात्र ‘इन्सुलेशन नाही, गृहीत’ असं छापलं गेलं.